लाल बावटा कलापथक : नावं उरली, संच विसरला



विषय जाहीर झाल्यापासून एक प्रश्न मला दोन-तीन जणांनी विचारला. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने डफ-तुणतुण्यावर का बोलावं? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांच्याबाबतीत आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी एक चूक केली आहे आणि ती चूक माहितीची नाही, विचार करण्याच्या पद्धतीची आहे. माहिती पुस्तकात मिळते. विचाराची खोड मात्र बोलून, वाद घालूनच सुटते.

विषय आहे लाल बावटा कलापथक. १९४४ साली मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तीन शाहिरांनी उभं केलेलं पथक. आता तुम्ही म्हणाल, अण्णाभाऊ आम्हाला माहीत आहेत, अमर शेखही ठाऊक आहेत. बरोबर. अण्णाभाऊंचे पुतळे आहेत, २००२ साली त्यांचं टपाल तिकीट निघालं, २०२० साली जन्मशताब्दी झाली. अमर शेखांचं नाव शाहिरीचा विषय निघाला की निघतंच. गव्हाणकरांचं नाव तिसरं येतं, आणि पुष्कळदा येतच नाही. पण या तिघांनी मिळून जे केलं, आणि त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या झीलकऱ्यांनी, ढोलकीवाल्याने, सोंगाड्याने जे केलं, त्या संचाची आठवण कुठं आहे? माणसं आठवतात, संच आठवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या काळात मराठी गाण्या-नाट्यात जी नवी लाट आली ती एका माणसाची नव्हती, संचाची होती. आणि संच विसरला की लाट कशाने उठली हेच कळेनासं होतं.

'नवी लाट' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. हा शब्द आपल्याकडे सिनेमामुळे आला. १९५८-६० च्या सुमारास फ्रान्समध्ये काही तरुण दिग्दर्शकांनी हातातला कॅमेरा घेऊन रस्त्यावर चित्रीकरण सुरू केलं, त्याला हे नाव पडलं. पुढे १९७६-७७ नंतर इंग्लंड-अमेरिकेत तरुणांचे बँड निघाले, त्यांनाही 'न्यू वेव्ह' म्हणू लागले. त्या पोरांनी नवी वाद्यं शोधली होती असं नाही. गिटार जुनीच, ढोल जुनेच. त्यांनी मोठ्या कंपन्यांची आणि मोठ्या मैफलींची वाट न बघता, साध्या सुरात, आपल्या गल्लीतलं, आपल्या पगारातलं, आपल्या कंटाळ्यातलं गाणं म्हटलं. म्हणजे नव्या लाटेची खूण काय? साधन जुनं, सांगणं नवं आणि पैसा देणाऱ्याशी असलेलं नातं बदललेलं. हे तीन धागे लक्षात ठेवा, कारण लाल बावट्याने हेच इंग्लंडच्या पोरांच्या तीस-बत्तीस वर्षं आधी लालबाग-परळमध्ये केलं होतं.

पण आधी आपल्या जिल्ह्यात येऊ. नगर जिल्ह्याचा, आता अहिल्यानगर म्हणायचं, या कहाणीशी एक संबंध आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. आपल्याकडे तुरुंग म्हटलं की भुईकोट किल्ला आठवतो. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तिथे आणून ठेवले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद. १९४४ मध्ये त्याच किल्ल्यात नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. शाळेच्या सहली तिथे जातात आणि ते योग्यच आहे. पण जिल्ह्यात दुसरा एक तुरुंग आहे, श्रीगोंदा तालुक्यात, विसापूरला. दौंड-मनमाड लोहमार्गावरचं ते विसापूर. १९३०-३२ च्या कायदेभंगात गुजरात-महाराष्ट्रातले किती तरी साधे सत्याग्रही तिथे डांबले होते. ज्यांच्या नावाची खोली कोणी जपून ठेवत नाही, असे कैदी.

त्या विसापूरच्या तुरुंगात पुढे बार्शीचा एक तरुण आला. नाव महबूब हुसेन पटेल. बार्शीत १९१६ साली जन्मलेला. घरची गरिबी, मोटारीवर क्लीनरचं काम केलेला, गिरणीत राबलेला. बार्शीच्या गिरणी संपात पुढे होता म्हणून त्याला इथे आणलं. आई मुनेरबी, तिच्या ओठावर जात्यावरची आणि लोकगीतांची अखंड वाहती धार; गाणं तिच्याकडूनच आलेलं. विसापूरला त्याची गाठ रघुनाथ कऱ्हाडकर या कामगार कार्यकर्त्याशी पडली आणि त्या गाण्याला दिशा मिळाली. हाच पुढचा अमर शेख. हे नाव त्याला नंतर कोल्हापूरला, सिनेमाच्या स्टुडिओत काम करताना मिळालं. तेव्हा बघा, एकाच जिल्ह्यात दोन तुरुंग. एकात एक ग्रंथ लिहिला गेला, दुसऱ्यात एक आवाज घडला. ग्रंथाचा पत्ता आपण पाठ केला, आवाजाचा पत्ता विसरलो.

दुसरे अण्णाभाऊ. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, आजचा सांगली जिल्हा. शाळा दीड दिवसाची, हे सगळ्यांना माहीत आहे. मातंग समाजातलं घर, नात्यातला तमाशाचा फड, लहानपणापासून ढोलकी आणि तुणतुणं कानावर आणि हातात. वडिलांबरोबर ते मुंबईला आले, पुढे माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले. तिथल्या डासांवर त्यांनी पोवाडा रचला होता. आता पोवाडा म्हणजे काय, तर वीराचं वर्णन. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा, सिंहगडावरचा तुळशीदासाचा पोवाडा. त्या परंपरेत हा माणूस लेबर कॅम्पातल्या डासांना बसवतो! लोक हसले असतील, पण त्या हसण्यात एक फार मोठी गोष्ट घडली होती. ज्या साच्यात फक्त राजे आणि सरदार बसत होते, त्यात कामगाराची रात्रीची झोप बसली.

तिसरे गव्हाणकर, तेही कवी-शाहीर, तेही चळवळीतलेच. तिघं एकाच पक्षात, कम्युनिस्ट पक्षात भेटले. मे १९४३ मध्ये मुंबईतच 'इप्टा' ही लोकनाट्य संघाची अखिल भारतीय संस्था निघाली होती. बंगालच्या दुष्काळाने देश हादरला होता. गाणं, नाटक, नाच हे चळवळीचं काम आहे असं मानणारी हवा होती. त्या हवेत १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं.

त्यांनी नवं काय केलं हे समजायचं तर जुना फड कसा चालायचा हे आधी बघायला हवं. या जिल्ह्यातल्या माणसाला ते सांगायला नको. संगमनेर ही अनंत फंदीची भूमी. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री मानली जाते ती पवळा, ती संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाची. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या तिने गाजवल्या. तमाशाची रचना ठरलेली : आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. गणात गणपतीला नमन. गवळणीत कृष्ण, पेंद्या, मावशी, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी. बतावणीत सोंगाड्याचे चटके. वगात राजाराणीची लांबलचक गोष्ट. आणि मधेमधे दौलतजादा. ज्याच्या खिशात पैसा तो नोट पुढे करणार, त्याच्या फर्माइशीची लावणी होणार. फडाचं पोट सुपारीवर आणि दौलतजाद्यावर. म्हणजे गाणं कोणासाठी म्हणायचं हे शेवटी नोट ठरवायची. यात कलावंतांचा दोष नव्हता, पोटाचा प्रश्न होता.

पोटाच्या या साखळीतून गाणं सोडवण्याचे प्रयत्न लाल बावट्याच्या आधीही झाले होते, हे विसरता कामा नये. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला. सत्यशोधकांनी जलसे काढले. १९३१ पासून भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. गणपतीच्या जागी विचाराला नमन करायची वाट या जलशांनी आधीच पाडली होती. लाल बावटा त्या वाटेवरून आला. कोणतीच लाट कोरड्या वाळूतून उठत नाही.

मग त्याने भर काय घातली? पहिलं, रचना ठेवली आणि आतलं काढून बदललं. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला, शिवाजी महाराजांना, राबणाऱ्या माणसाला वंदन आलं. गवळण आणि मावशी गेली. सोंगाडा राहिला, कारण सोंगाड्याशिवाय लोक बसत नाहीत आणि सोंगाड्याइतकं उघड सत्य दुसरं कोणी बोलू शकत नाही. वगातला राजा जाऊन सावकार आला, काळाबाजारवाला आला, मतं मागायला आलेला शेठजी आला. अण्णाभाऊंच्या त्या नाट्यांची नावंच बघा : 'अकलेची गोष्ट', 'शेटजीचे इलेक्शन', 'बेकायदेशीर', 'माझी मुंबई', 'मूक मिरवणूक', 'लोकमंत्र्याचा दौरा'. ही नावं वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखी आहेत. कालची बातमी आज रात्री बोर्डावर. 'लोकनाट्य' हा शब्द आज आपण सहज वापरतो, तो मराठीत रुजवण्यात या नाट्यांचा मोठा वाटा आहे.

दुसरं, पोवाड्याचा नकाशा रुंद झाला. स्टालिनग्राडची लढाई फेब्रुवारी १९४३ मध्ये संपली आणि तिच्यावर अण्णाभाऊंचा पोवाडा आला. बंगालच्या दुष्काळावर आला. अमळनेरच्या गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, त्या हुतात्म्यांवर आला. १९४७ च्या पंजाब-दिल्लीच्या दंग्यांवर आला. परळच्या मैदानात बसलेला साताऱ्याचा, रत्नागिरीचा, नगरचा कामगार व्होल्गाकाठच्या शहराचं नाव डफाच्या ठेक्यावर ऐकत होता. भूगोलाचं पुस्तक त्याच्या हातात कधी पडलं नसेल, पण आपल्यासारखीच माणसं दूर कुठंतरी आपल्यासारखीच मरताहेत हे त्याला कळत होतं. आजच्या भाषेत याला जागतिक भान म्हणतात, त्यावर परिसंवाद होतात. त्यांनी ते दोन-चार आण्यांच्या डफावर केलं.

तिसरं, पैशाचं नातं. दौलतजादा बंद. कलापथक कोणा ठेकेदाराचं नव्हतं, थिएटरमालकाचं नव्हतं. ते युनियनच्या, किसान सभेच्या, पक्षाच्या मंचावर उभं राहायचं. नोट पुढे करून गाणं बदलता येत नव्हतं. याची दुसरी बाजूही आहे आणि ती मी नंतर सांगणार आहे, कारण ती टाळली तर हे व्याख्यान नुसतं कौतुक होईल.

आता संच कसा चालतो ते बघू. पोवाड्यात मुख्य शाहीर पुढे, झीलकरी मागे. शाहिराने कडवं टाकलं की झीलकरी ते उचलतात, 'जी जी रं जी' करत वर नेतात. वरवर पाहता झीलकऱ्याचं काम दुय्यम. पण नीट ऐका. शाहिराला श्वास घ्यायला जागा झील देते. पुढचं कडवं आठवायला वेळ झील देते. पंधरा हजारांचा जमाव असेल, तर कुठे आपण सामील व्हायचं हे त्या जमावाला झील सांगते. म्हणजे झील हा शाहीर आणि लोक यांच्यामधला पूल आहे. पूल नसेल तर शाहीर एकटा ओरडणारा माणूस ठरतो. अमर शेखांचा आवाज पहाडी होता, ध्वनिक्षेपकाला जुमानत नव्हता असं ऐकणारे सांगत आले आहेत. पण पहाडाला सुद्धा पायथा लागतो.

आणि तिघांची कामं एकमेकांत कशी गुंतली होती बघा. अण्णाभाऊंकडे शब्द होता, तमाशाची नस होती, माणूस कुठे हसेल आणि कुठे गप्प होईल याची जाण होती. अमर शेखांकडे तो शब्द मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत नेणारा गळा होता आणि स्वतःचं काव्यही होतं. गव्हाणकर कवी होते आणि पथकाचे खांदेकरीही. लिहिणारा, गाणारा, उभं करणारा, अशी सरळ वाटणीही करता येणार नाही, कारण तिघंही लिहायचे, तिघंही गायचे. म्हणून तर त्याला संच म्हणायचं.

इथे मला माझ्या विषयाकडे एक क्षण वळू द्या. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा प्रसिद्ध संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग दाखव रथ. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? बौद्ध परंपरेने यातून 'मी' म्हणून काही स्थिर नाही हे दाखवलं. मी तोच प्रश्न उलट्या बाजूने विचारतो. आपण अण्णाभाऊ नावाचं चाक जपलं, अमर शेख नावाची आस जपली, गव्हाणकर नावाचं जू अडगळीत टाकलं, आणि रथ होता हेच विसरलो. पण लोक बसले होते ते रथात. चाकात कोणी बसत नाही.

हे विस्मरण का झालं? याची कारणं इतिहासात आहेत आणि ती सरळ सांगायला हवीत.

पहिलं कारण १९४२. जुलै १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारने कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली, कारण रशिया आता युद्धात दोस्तांच्या बाजूने होता आणि पक्षाने युद्धाला लोकयुद्ध म्हटलं होतं. त्यानंतर महिन्याभरात 'चले जाव' सुरू झालं आणि पक्षाने त्यात भाग घेतला नाही. म्हणजे चित्र असं : नगरच्या किल्ल्यात काँग्रेसचे नेते कोंडलेले, आणि मुंबईच्या मैदानात स्टालिनग्राडचा पोवाडा. सातारा-नगरच्या खेड्यांत ज्यांच्या घरातली पोरं भूमिगत होती, त्यांच्या मनात या पोवाड्याबद्दल कडवटपणा राहिला असेल तर त्यात नवल नाही. तो कडवटपणा खोटा नव्हता. आणि पोवाड्यातली माणुसकीही खोटी नव्हती. इतिहासात अशा दोन खऱ्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहतात, तेव्हा आपण घाईने एकीला घरात घेतो आणि दुसरीला दाराबाहेर ठेवतो.

दुसरं कारण सरकारचा बडगा. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, पुढे परवानगी दिली तीही तपासणीची कात्री लावून. १९४८ मध्ये पक्षावर कारवाई सुरू झाली, कार्यकर्ते तुरुंगात गेले, भूमिगत झाले. लाल बावट्याच्या प्रयोगांनाही बंदीचा फटका बसला. पुस्तक लपवून ठेवता येतं, हस्तलिखित मातीत पुरता येतं. संच कसा लपवणार? प्रयोग बंद झाला की झीलकरी पुन्हा पाळीला जातो, ढोलकीवाला दुसऱ्या फडात जातो. पुढे तिघांच्या वाटाही वेगळ्या झाल्या. अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्यांकडे वळले, १९५९ मध्ये 'फकिरा' आली. अमर शेख आपल्या पथकानिशी गात राहिले, कवितासंग्रह काढले.

तिसरं कारण आपलंच, अभ्यासकांचं आणि चाहत्यांचं. आपण उपमा देऊन मोकळे झालो. अत्र्यांनी अमर शेखांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. अण्णाभाऊंना महाराष्ट्राचे गॉर्की म्हणायची रीत पडली. हेतू गौरवाचाच होता. पण गॉर्की आणि मायकोव्हस्की हे एकेकटे लेखक. उपमेने माणूस मोठा केला आणि संच पुसून टाकला. नंतर वाटणी झाली. अण्णाभाऊंची जयंती एकीकडे, अमर शेखांची दुसरीकडे. मातंग घरातला एक आणि मुसलमान घरातला एक, एकाच मंचावर, एकाच ठेक्यावर उभे होते, ही त्या पथकातली सर्वांत मोठी गोष्ट. ती गोष्ट आपण जयंत्यांच्या तारखांत वाटून टाकली.

चौथं कारण कलेच्या स्वरूपात आहे. लावणीच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं, पोवाड्यातही शाहीर आपलं नाव गुंफतो. त्यामुळे रचणारा शंभर वर्षं टिकतो. गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं नाव ओळीत नसतं. बापूरावांचं नाव त्यांच्या लावणीतच आहे, पवळेचं नाव आपल्याला शोधावं लागतं. लाल बावट्याचंही तसंच. छापलेले शब्द उरले, आवाज फारसा उरला नाही, आणि मागच्या रांगेतली माणसं तर अजिबात नाहीत.

हे फक्त आपल्याकडे घडलं असं समजू नका. १९४१ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये 'अल्मनॅक सिंगर्स' नावाचा एक गट होता. पीट सीगर, ली हेज, मिलार्ड लँपेल, पुढे वुडी गथ्री. एकाच घरात राहायचे, गाणी मिळून रचायचे, युनियनच्या सभांत गायचे. त्यांनी १९४१ मध्ये युद्धविरोधी गाण्यांचा संच काढला, आणि त्याच वर्षी २२ जूनला हिटलरने रशियावर हल्ला केला. पक्षाची भूमिका फिरली, गाणीही फिरवावी लागली. लोक हसले, सरकारने पाळत ठेवली, दोन-तीन वर्षांत गट संपला. आज गथ्री आठवतो, सीगर आठवतो, अल्मनॅक सिंगर्स जाणकारांपुरते उरले. लाल बावट्याचा आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण नशीब बघा कसं जुळतं.

आणि इथेच ती दुसरी बाजू येते. दौलतजादा सुटला, पण पक्ष आला. नोटेऐवजी ठराव गाणं ठरवू लागला, असं कोणी म्हणालं तर त्याला पूर्ण खोटं ठरवता येणार नाही. स्टालिनच्या राज्यात काय चाललं होतं हे पुढे जगाला कळलं. त्या पोवाड्यातला भाबडेपणा आज आपल्याला खुपतो. मग या कलेची किंमत काय? मला वाटतं, प्रचाराची कला आणि नुसता प्रचार यांत फरक करायची एक साधी कसोटी आहे. ज्या प्रसंगासाठी ते लिहिलं तो प्रसंग गेल्यावर काही शिल्लक राहतं का? 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णाभाऊंची रचना घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी लिहिलेली. मुंबईला पोट भरायला आलेला कामगार आणि गावी राहिलेली त्याची बायको, आणि त्या ताटातुटीत बेळगाव-कारवारसारख्या तुटलेल्या मुलखाचं दुःख. १ मे १९६० ला राज्य झालं, तो राजकीय प्रसंग संपला. पण नगर-बीडच्या ऊसतोड मजुराला, पुण्या-मुंबईला गेलेल्या पोराला ती रचना आजही आपली वाटते. ठराव मेला, गाणं जिवंत आहे. ही कसोटी पार करणाऱ्या रचना लाल बावट्यातून आलेल्या माणसांनी दिल्या, आणि त्या देण्याची ताकद पथकातल्या त्या रोजच्या, रात्रीच्या, लोकांसमोरच्या तालमीने कमावली होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही माणसं पुन्हा मैदानात उतरली. नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, पुढच्या जानेवारीत मुंबई पेटली, शंभरावर माणसं हुतात्मा झाली. त्या सभांत अत्र्यांचं भाषण आणि अमर शेखांचं गाणं हे एकाच घटनेचे दोन भाग असायचे. म्हणजे १९४२ मध्ये ज्या शाहिरांवर राष्ट्राच्या प्रवाहाबाहेर असल्याचा ठपका बसला, त्यांनीच १९५६ मध्ये मराठी माणसाच्या प्रवाहाला सूर दिला. इतिहासाला असे हिशेब चुकते करायची सवय आहे, फक्त आपण वहीचं ते पान उलटून बघायला हवं.

शेवट १९६९ मध्ये झाला. १३ जूनला अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, मुंबईत, हलाखीत, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. २९ ऑगस्टला अमर शेख मोटार अपघातात गेले. अण्णाभाऊ आणि अमर शेख यांच्यात बेचाळीस दिवसांचं अंतर. एका संचातले दोन आवाज एकाच पावसाळ्यात थांबले.

मात्र लाट थांबली नाही. लोकनाट्याचा साचा राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानेही आपल्या परीने वापरला, तिथून निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर यांच्यासारखी माणसं पुढे आली. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे १९६५ चं लोकनाट्य तर घराघरात पोचलं. राजाच्या दरबारात उभं राहून आजच्या मंत्र्याची खिल्ली उडवायची ही सवय मराठी प्रेक्षकाला लागली, त्यामागे चाळीसच्या दशकातली ही मशागत आहे. पीक सगळ्यांनी बघितलं, नांगरणारे नजरेआड झाले.

आता शेवटचं. माझं म्हणणं केवळ जुन्या लोकांना श्रद्धांजली वाहावी असं नाही. लाल बावट्याचे कार्यक्रम जाणत्या वयात ज्यांनी पाहिले, ते आज नव्वदीच्या घरात आहेत. मुंबईच्या गिरण्यांत राबून नगर, संगमनेर, पारनेर, अकोले इकडे परत आलेली घरं आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा : तुम्ही काय ऐकलंत, कोण गात होतं, ढोलकीवर कोण होतं, मागे कोण उभे होते? तुमच्या खिशातल्या फोनवर ते ध्वनिमुद्रित करून ठेवा. यासाठी अनुदान लागत नाही, समिती लागत नाही. पुढच्या दहा वर्षांत हे काम झालं नाही, तर ते कधीच होणार नाही.

आणि दुसरी गोष्ट, तुमच्या गावच्या भजनी मंडळाची, कॉलेजच्या कलापथकाची, यात्रेतल्या फडाची पत्रिका छापाल, तेव्हा मुख्य गायकाच्या खाली 'आणि सहकारी' असं लिहून मोकळे होऊ नका. त्या दोन शब्दांत पाच-सात माणसं कायमची नाहीशी होतात. झीलकऱ्याचं नाव लिहा, टाळकऱ्याचं लिहा, तुणतुणेवाल्याचं लिहा. कागदाला दोन ओळी जास्त लागतील. पण ऐंशी वर्षांनी कोणी म्हातारा मास्तर असाच उभा राहून बोलत असेल, तर त्याला रथ दाखवता येईल.

इथं थांबतो.